मास्क म्हणजे लपवणं? मग आपला मुखवटा काय करतो?

फोंड्याची_वाचक
आमच्या वाचनालयातली मुलं दिवाळीच्या सुट्टीत मुखवट्यांचं छोटं प्रदर्शन मांडणार आहेत. नरकासुराचे मुखवटे आहेत, गौरीचे आहेत, एकाच्या आजोबांकडचा जुना लाकडी मुखवटा आहे. प्रत्येकाशेजारी माहितीचं कार्ड असेल, आणि पहिल्या कार्डावर 'मास्क' या शब्दाची ओळख असावी असं मुलांनीच ठरवलं. इंग्रजी शब्दकोशात क्रियापदाचा अर्थ सापडला झाकणे, लपवणे, दडवणे. मुलांनी तो तसाच उतरवून घेतला.

मला तो काही पटेना. पालखीच्या दिवशी देवाला चांदीचा मुखवटा चढवतात तेव्हा देव लपतो का? एरवी गाभाऱ्याच्या अंधारात ज्याचं नीट दर्शन होत नाही, तो त्या दिवशी डोळे-नाक-ओठांसकट सगळ्या गावाला दिसतो. नरकासुराचा मुखवटा तरी काय लपवतो? त्याच्या मागे पुतळ्याचं गवतच असतं.

म्हणून विचारते. हा शब्द मुळात कुठून आला? त्यात लपवण्याचा अर्थ पहिल्यापासून होता की नंतर आला? जाणकारांनी सविस्तर लिहावं, मुलांना वाचून दाखवणार आहे.

टवाळ_टाळ
म्हापशाच्या बेकरीतला मस्का पाव याच कुळातला का? पावावर थापला की पाव लपतो.

शब्दपारखी
टाळ, मस्का वेगळा. तो फारसी, अर्थ लोणी. त्याचा चेहऱ्याशी संबंध नाही, जिभेशी आहे.

वाचकताई, प्रश्न फार आवडला. जरा मोठं लिहितो.

इंग्रजीत 'मास्क' सोळाव्या शतकात आला, फ्रेंचमधून. फ्रेंचांनी तो इटालियन 'मास्केरा'वरून घेतला. इथवर वाद नाही. पुढे वाट फुटते.

एक मत असं की मागे मध्ययुगीन लॅटिनमधला 'मास्का' आहे आणि त्याचा अर्थ चेटकीण, भूत. इ.स. ६४३ मध्ये लोंबार्डांचा राजा रोथारी याने इटलीत कायदा लिहवून घेतला. त्यात बाईला चेटकीण म्हणून हिणवण्याबद्दल कलम आहे, आणि तिथे शब्द येतात 'स्ट्रिगा, म्हणजेच मास्का'. उत्तर इटलीतल्या पिडमाँट भागात चेटकिणीला अजून मास्काच म्हणतात.

दुसरं मत अरबी 'मस्खरा'कडे बोट दाखवतं. ज्याची थट्टा होते तो, किंवा थट्टा करणारा विदूषक. आपल्याकडे फारसीच्या वाटेने आलेली 'मस्करी' याच घरातली.

तिसरं मत म्हणतं, मुळात 'मास्क' म्हणजे काळं. दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेत 'मास्कारार' म्हणजे तोंडाला काळं फासणं. काजळी फासून सोंग घेणं हा मुखवट्याचा सगळ्यात स्वस्त प्रकार, त्यावरून वस्तूला नाव पडलं.

यातलं नक्की कुठलं, यावर विद्वानांचं एकमत झालेलं नाही. पण तुमच्या प्रश्नापुरतं उत्तर मिळतं. भूत, विदूषक, काजळी. तिन्हींपैकी एकातही 'लपवणे' नाही. तो अर्थ इंग्रजीत मागाहून ठळक झाला.

मडगावकरीण
मस्करी आणि मास्क एका घरातले असतील हे वाचून अंगावर काटा आला. रोज बोलतो की हा शब्द!

देववाणी
अरबस्तानात कशाला जायचं? 'मस्करिन्' हा शुद्ध संस्कृत शब्द आहे. पाणिनीचं सूत्रच आहे, 'मस्करमस्करिणौ वेणुपरिव्राजकयोः'. मस्करी तिथून, आणि मास्कही तिथूनच गेला असणार. आपण आपल्याच घरातले शब्द परक्यांना देऊन टाकतो.

शब्दपारखी
देववाणी, सूत्र बरोबर आहे, पण त्यात थट्टा कुठे आहे? त्याच सूत्रात अर्थ दिलाय. मस्कर म्हणजे वेळू, मस्करी म्हणजे परिव्राजक, हातात वेळूची काठी घेऊन हिंडणारा संन्यासी. पतंजलीने महाभाष्यात वेगळी फोड केली आहे. 'मा कृत कर्माणि', कर्मं करू नका, शांती तुमच्यासाठी श्रेयस्कर, असं सांगणारा तो मस्करी. आजीवक या जुन्या पंथाचा गुरू मक्खली गोशाल, त्यालाही संस्कृतात मस्करी गोशाल म्हणतात. हे सगळे गंभीर लोक. मराठीतल्या मस्करीचा अर्थ आणि रूप दोन्ही फारसी 'मस्खरा'ला चिकटून आहेत. नुसता आवाज जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही.

देववाणी
अर्थ काळाच्या ओघात बदलतात. संन्याशांची टिंगल सगळ्या जुन्या प्रहसनांत आहे. मी माझं मत सोडणार नाही.

टवाळ_टाळ
कर्मं करू नका, शांती श्रेयस्कर. सुशेगाद या शब्दाची व्युत्पत्ती अखेर सापडली!

पात्रांव
शब्दपारखीबाबांच्या तिसऱ्या मताला माझ्याकडून एक साक्ष. मी पोर्तुगीज अमदानीत शाळा शिकलो. पोर्तुगीजमध्ये मुखवट्याला 'मास्कारा'. पण 'मास्कारा' आणि 'मास्कार्रा' असे दोन शब्द आहेत, दुसऱ्यात र वर जोर. त्याचा अर्थ काजळीचा किंवा शाईचा डाग. शाईच्या दौतीत बोरू बुडवून लिहिणाऱ्या पोराच्या गालावर असायचा तो. दोन्ही शब्द इतके जवळ आहेत की मला काजळीवालं मत पहिल्यापासून पटत आलंय.

पापण्यांना लावायचा 'मस्कारा'ही याच घरातला. म्हणजे मुली आज जो पैसे मोजून लावतात त्याचा आणि चुलीच्या काजळीचा शब्द एक.

इंत्रुजाच्या, म्हणजे कार्निव्हलच्या, दिवसांतलं थोडं सांगतो, विषयाला धरून आहे. आता कार्निव्हल म्हणजे चित्ररथांची मिरवणूक. आमच्या लहानपणी मडगावात मंडळी तोंडावर मुखवटे चढवून ओळखीच्या घरांवर 'धाड' घालायची. आधी कळवायचं नाही. यजमानाने ओळखायचं कोण आलंय ते. आवाज बदलायचा, चालही बदलायची. बायका नवऱ्याचे कोट घालायच्या. ओळखलं की मुखवटा काढायचा, मग खाणं, पिणं, नाच. त्यामुळे मुखवट्यात लपवणं नव्हतंच, हे मला मान्य नाही. लपवणं होतं, पण कोणीतरी शोधावं म्हणून.

फोंड्याची_वाचक
पात्रांवबाब, हे कार्डावर यायलाच हवं. 'कोणीतरी शोधावं म्हणून' हे मुलांना लगेच कळेल, लपंडावात तेच तर करतात.

बिट_बाइट
माझ्या धंद्यातला मास्क सांगतो. घरच्या वायफायच्या सेटिंगमध्ये 'सबनेट मास्क' दिसतो ना, २५५.२५५.२५५.०? त्याचं काम काही लपवून ठेवणं नसतंच मुळी. पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठला आणि यंत्राचा कुठला हे तो वेगळं काढून देतो. चिप बनवताना जो फोटोमास्क वापरतात तोही तसाच. प्रकाश कुठे पडू द्यायचा, कुठे अडवायचा हे तो ठरवतो आणि सर्किट उमटतं. नको ते झाकलं की हवं ते दिसतं.

रंगाऱ्यांची मास्किंग टेपही हेच करते. १९२५ मध्ये अमेरिकेत रिचर्ड ड्रू नावाच्या माणसाने ती काढली. तेव्हा दोन रंगांच्या मोटारींची फॅशन होती आणि दोन रंगांमधली रेघ सरळ येत नसे. चिकटपट्टी काढताना आधीचा रंगही सोलून यायचा. ड्रू सँडपेपर बनवणाऱ्या कंपनीत होता. त्याने हलक्या हाताने निघणारी पट्टी केली.

नरकासुर_मंडळ
आमच्या वाड्यावर काम सुरू आहे, म्हणून वाचताना मजा आली. मुखवट्याबद्दल लिहितो, कारण लोकांना पहाटे जळणारा नरकासुर दिसतो, त्याआधीच्या रात्री दिसत नाहीत.

आधी मातीचा साचा. नाक मोठं ठेवायचं, कारण कागद चढत गेला की नाक बसतं. साच्यावर तेल किंवा ओला कागद, नाहीतर सुटत नाही. मग वर्तमानपत्राचे हाताने फाडलेले तुकडे, मैद्याच्या खळीत भिजवून, थरावर थर. कात्रीने कापायचे नाहीत, कापलेली कड वर उठून दिसते, फाडलेली बसून जाते. एक थर उभा, एक आडवा. मग ऊन, आणि इथेच खरी परीक्षा, कारण आश्विनातला पाऊस सांगून येत नाही. वाळला की साच्यावरून सोडवायचा. तेव्हा आतल्या बाजूने उलटी बातमी वाचता येते. आधी पांढऱ्या रंगाचा एक हात, मग बाकीचे रंग. डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते काम एकाच माणसाकडे. डोळे रंगवेपर्यंत तो कागद असतो. बुबुळ टेकवलं की पोरं आपोआप दोन पावलं मागे सरकतात.

आता कुठे बाजारात तयार मुखवटे सर्रास मिळतात, पणजी, म्हापसा, मडगाव, सगळीकडे. त्याला आमची हरकत नाही. पण आमच्या पोरांनी खळीत हात घालावा असं मला मनापासून वाटतं.

तुमचा प्रश्न : नरकासुराचा मुखवटा लपवत नाही, भिववतो. शब्दपारखींची ती चेटकीण मास्का आम्हाला एकदम जवळची वाटली.

शब्दपारखी
भिववण्यावरून आठवलं. 'मास्क' यायच्या आधी जुन्या इंग्रजीत मुखवट्याला 'ग्रीमा' म्हणत. त्याचा अर्थ मुखवटा, चेहरा झाकणारं शिरस्त्राण, आणि भूतही. लॅटिनमध्ये 'लार्वा' म्हणजे भूत आणि मुखवटा, दोन्ही. भाषा वेगवेगळ्या, पण जोडी तीच.

बागाईतदार
लार्वा? आंब्यात निघते ती अळी?

शब्दपारखी
तीच! अठराव्या शतकात लिनीअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने कीटकांच्या अळीला हे नाव दिलं. त्याच्या मते अळीचं रूप म्हणजे खऱ्या कीटकाचा मुखवटा. आत पाखरू आहे, वर अळीचं सोंग. सोंग उतरलं की जे दिसतं त्याला त्याने 'इमागो' म्हटलं, म्हणजे प्रतिमा.

बागाईतदार
काजूच्या खोडातली अळी काढताना यापुढे हे आठवणार. तरी काढणारच.

पेडण्याचा_दशावतारी
उशिरा येतोय, जत्रांच्या तारखा लावत होतो. धागा सगळा वाचला आणि राहवलं नाही.

शब्दपारखी, तुम्ही तीन मतं सांगितली. भूत, विदूषक, काजळी. तुम्ही तिघांना वेगवेगळं उभं केलंत. माझ्या डोळ्यांसमोर तिघं एकच होऊन आले. अहो, हा आमचा संकासुर!

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. दशावताराच्या पूर्वरंगात, आडदशावतारात, गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो आणि वेद चोरणारा शंखासुर येतो, आम्ही त्याला संकासुर म्हणतो. अंगभर काळा कपडा, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. म्हणजे राक्षस झाला, काळा झाला. आणि बोलायला लागला की सगळा मांड हसतो, कारण तो मालवणीत बोलतो, समोर बसलेल्याची फिरकी घेतो. देव संस्कृताळलेलं मराठी बोलतात आणि राक्षस आपल्या घरातलं बोलतो. पोरं त्याला बघून आधी रडतात, मग त्याच्याच मागे धावतात. शेवटी विष्णूच्या हातून मरतो.

युरोपातल्या विद्वानांनी एकदा आमच्या मांडावर रात्र काढावी. भूत की विदूषक की काळं, हा वाद तिथे पडणारच नाही.

शब्दपारखी
दशावतारीबाब, यावर मी काय बोलू! व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून हे चालायचं नाही, शब्द पेडण्याहून इटलीला गेलेला नाही. पण मुखवटा म्हटलं की माणसाच्या मनात भीती आणि हसू एकत्र येतं, हे इतकं स्वच्छ मी कुठे वाचलं नव्हतं.

मडगावकरीण
गोव्यात पेरणी समाजाच्या 'जागर' या लोकनाट्यातही लाकडी रंगवलेले मुखवटे असतात, देव, दैत्य, प्राणी, गावातली माणसं. मुलांच्या प्रदर्शनात त्याचा उल्लेख हवा. पेरणी कुटुंबांनी तो टिकवला आहे आणि त्यांची नावं निघायला हवीत.

परिचारिका_०७
सगळे कलेबद्दल बोलताय, मी आमच्या मास्कबद्दल बोलते. २०२० मध्ये तोंडावर मास्क आला तेव्हा लोक म्हणायचे, चेहरे लपले. आमच्या वॉर्डात आम्ही छातीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून चिकटवायचो, कारण पेशंटला फक्त डोळे दिसायचे. डोळ्यांनी हसायला आम्ही तिथे शिकलो. आजी-आजोबांना ऐकू यायचं नाही. त्यांना ओठ बघून कळायची सवय असते, हे मास्क आल्यावरच आमच्या लक्षात आलं.

या मास्कचा इतिहासही कार्डावर घ्या. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला. पेनांगमध्ये जन्मलेले डॉ. वू लिएन-तेह यांनी सांगितलं की हा श्वासातून पसरतोय, आणि कापूस घातलेला गॉझचा मास्क सगळ्यांना बांधायला लावला. एका नामवंत फ्रेंच डॉक्टरने तो बांधायला नकार दिला आणि थोड्याच दिवसांत त्याच प्लेगने तो गेला.

जैन_मडगाव
आमच्या साधू-साध्वींची मुहपत्ती तर त्याहून कितीतरी जुनी. बोलताना बारीक जीवांना इजा होऊ नये म्हणून तोंडासमोर वस्त्र. तिथे झाकायचं ते दुसऱ्याला वाचवण्यासाठी.

देववाणी
आणि 'मुखपट' हा शब्द कालिदासाकडे आहे! मेघदूतात मेघाला सांगितलंय की मानस सरोवराचं पाणी घेताना ऐरावताला क्षणभर मुखपटाचं सुख दे. हत्तीच्या तोंडावरचं वस्त्र. मुखपट आणि मुखवटा शेजारी ठेवून बघा.

शब्दपारखी
देववाणी, हे मात्र सुंदर. इथे आवाजही जुळतो आणि अर्थही.

विशेष_शिक्षिका
मी धाग्याच्या सुराशी थोडी असहमत आहे.

'मुखवटा लपवत नाही' हे देवाच्या आणि संकासुराच्या बाबतीत मान्य. पण इंग्रजीतलं 'मास्किंग' आज आमच्या क्षेत्रात रोज वापरलं जातं, आणि तिथे ते लपवणंच आहे. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलं, त्यातही मुली, आजूबाजूच्यांसारखं वागायचं ठरवून शिकतात. कुणी बोललं की डोळ्यांत बघायचं, कितीही त्रास झाला तरी. वर्ग हसला की हसायचं. हात हलवावेसे वाटले तर खिशात घालायचे. माझ्याकडे एक मुलगी येते. शाळेत तिच्याबद्दल एक तक्रार नाही, 'शांत आहे, गुणी आहे'. घरी आली की दप्तर टाकून टेबलाखाली शिरते आणि तासन्‌तास कुणाशी बोलत नाही. आईला वाटायचं घरात काहीतरी चुकतंय. घरात काही चुकत नव्हतं. दिवसभराचा मुखवटा ती घरीच उतरवू शकत होती.

म्हणून मुलांच्या कार्डावरून 'लपवणे' हा अर्थ काढून टाकू नका. प्रदर्शन बघायला येणाऱ्यांत असं एखादं मूल असेलच. त्याला तो अर्थ माहीत असण्याचा हक्क आहे.

पेडण्याचा_दशावतारी
बाई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. आमच्यात म्हण आहे, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. पण आम्हाला रंग पुसायला वेळ ठरलेली असते आणि पुसायला मदत करणारे सोबती असतात. त्या मुलीला सोबती कोण?

विशेष_शिक्षिका
आता आई आहे. वर्गातल्या दोन मैत्रिणींनाही तिने स्वतःहून सांगितलं.

नाट्यवेडी
सोंगावरून 'पर्सन' आठवला. लॅटिन 'पर्सोना' म्हणजे नटाचा मुखवटा, तोच पुढे 'व्यक्ती' झाला. कॉलेजात शिकवलं होतं की पेर म्हणजे आरपार, सोनारे म्हणजे आवाज करणे, ज्यातून नटाचा आवाज येतो तो.

शब्दपारखी
ती फोड जुनी आणि लोकप्रिय आहे, पण स्वराची लांबी जुळत नाही म्हणून अभ्यासक ती मानत नाहीत. अनेकांचा कल इटलीतल्या जुन्या एत्रुस्कन भाषेतल्या 'फेर्सू'कडे आहे. इटलीत तार्क्विनियाला सुमारे इ.स.पू. ५३० च्या एका थडग्यात भिंतीवर मुखवटा घातलेला माणूस रंगवलाय आणि शेजारी 'फेर्सू' लिहिलंय.

पणजीचा_धावपटू
खेळाकडचं एक. 'मॅस्कॉट'ही याच घरातला का? २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा आमचा मॅस्कॉट गवा होता, मोगा.

शब्दपारखी
शाब्बास! हो. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हांसाल भाषेत 'मास्को' म्हणजे चेटकीण, 'मास्कोतो' म्हणजे मंतरलेली वस्तू, ताईत. १८८० मध्ये फ्रान्समध्ये 'ला मास्कॉत' नावाची ऑपेरेट, म्हणजे हलकीफुलकी संगीतिका, रंगभूमीवर आली आणि शुभचिन्ह या अर्थाने शब्द पसरला. चेटकिणीच्या घरातून निघालेला शब्द आपल्या गव्यापर्यंत आला.

टवाळ_टाळ
म्हणजे मोगाचा पोशाख घालून मैदानात नाचणाऱ्याने मास्क आणि मॅस्कॉट एकाच वेळी अंगावर घातलं होतं. घामाला तेवढा शब्द शोधा.

फोंड्याची_वाचक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुलांना अख्खा धागा वाचून दाखवला, दोन बैठकांत. संकासुराला सगळ्यात जास्त टाळ्या. त्यांनी पहिलं कार्ड रद्द केलं आणि आता तीन कार्डं करायची आहेत. एकावर शब्दाच्या तीन वाटा, शेजारी संकासुराचं चित्र. दुसऱ्यावर दाखवणारे मुखवटे : देवाचा, नरकासुराचा, जागराचा. तिसऱ्यावर लपवणारे आणि वाचवणारे : इंत्रुजाचा, दवाखान्याचा, आणि विशेष_शिक्षिकांनी सांगितलेला न दिसणारा. तिसऱ्याचा मजकूर बाईंनी नजरेखालून घालावा अशी विनंती.

देववाणी
मस्करिन् पहिल्या कार्डावर कंसात तरी घ्या.

फोंड्याची_वाचक
प्रश्नचिन्हासह घेतोय. मुलांनी मतदान करून ठरवलं.

विशेष_शिक्षिका
मजकूर पाठवा, आनंदाने बघते. त्या मुलीलाही दाखवीन, ती माझ्यापेक्षा बारकाईने वाचते.

नरकासुर_मंडळ
वाचकताई, एक सूचना. मुलं स्वतः मुखवटा करणार असतील तर खळ ताजी करा आणि त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी आंबते. कसर लागू नये म्हणून कुणी मोरचूद घालायला सांगेल, पण मुलांच्या हाताशी तो अजिबात नको, विषारी असतो. साचा आमच्याकडून घेऊन जा. दोन मोकळे आहेत, एकाचं नाक थोडं वाकडं आहे.